अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचा अंदाज कसा बांधावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील अनेक घरांतले कोणी ना कोणी आता अमेरिकेत असते, आणि सप्टेंबर लागला की तिकडून येणाऱ्या फोनवर तब्येतीच्या चौकशीनंतर नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, विषय निघू लागतो. इकडच्या भाच्याला वा पुतण्याला विचारले जाते, ‘या रविवारी कोण जिंकेल, सांग बघू?’ प्रश्न गमतीचा असला तरी त्याचे उत्तर विचारपूर्वक देण्याची एक रीत आहे, आणि अमेरिकेत पैसे लावणाऱ्यांपैकी जे मोजके लोक दीर्घकाळ टिकतात ते याच रीतीने चालतात. बलाढ्य संघ कोणता हे सर्वांनाच ठाऊक असते आणि बाजाराने, म्हणजे पैजांचे भाव ठरवणाऱ्या बुकींनी, ते आपल्या आकड्यात आधीच धरलेले असते. म्हणून नुसता विजेता ओळखून काही साधत नाही. बाजाराचा आकडा चुकला आहे असे म्हणायला आपल्यापाशी काही ठोस कारण आहे का, एवढेच तपासायचे असते. बहुतेक सामन्यांत असे कारण सापडत नाही, आणि तेव्हा त्या सामन्याला हात न लावणे योग्य ठरते.

पैशांविषयी मात्र आधी स्पष्ट बोललेले बरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये १९९२ सालचा केंद्रीय प्रतिबंधक कायदा रद्द ठरवला आणि तेव्हापासून तिथे प्रत्येक राज्य खेळांवरील पैजांना परवानगी द्यायची की नाही हे स्वतः ठरवते. आपल्याकडे वारा उलट दिशेचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांवर चालणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गल्लीतल्या मटक्यापासून सट्ट्यापर्यंतच्या प्रकारांना कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ लागू होतो, आणि शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेल्याने सुटका होत नाही, कारण तिथे १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा उभा असतो. परदेशी संकेतस्थळावर पैसे पाठवण्याचा मार्गही बंद आहे. परकीय चलनाविषयीच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीच्या तिकिटांबरोबर ‘फुटबॉल पूल’चेही नाव घेऊन मनाई केलेली आहे. तेव्हा फोनवर ‘आयडी’ देऊ करणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. पुढे जे सांगितले आहे ते वहीतल्या, बिनपैशांच्या स्पर्धेसाठी आहे. मित्रमंडळींनी मिळून हंगामभर अंदाज लिहायचे आणि कोणाचा अंदाज अधिक नेमका ते मोजायचे, इतकेच. भावांचे गणित त्यात तरीही शिकावे लागते, कारण अंदाज ज्याच्याशी ताडून पाहायचा तो आकडा बाजारच देतो.

आकडा कसा वाचावा

एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. म्हणजे साखळीत एकूण २७२ सामने होतात. प्रत्येक सामन्याला तीन प्रकारचे आकडे लागतात. पहिला पॉइंट स्प्रेड. यात वरचढ मानलेल्या संघाच्या गुणांतून काही गुण वजा करून निकाल पाहिला जातो. ‘बफेलो उणे ६.५’ असे लिहिले असेल तर बफेलोने सात किंवा अधिक गुणांनी जिंकले तरच त्या बाजूचा अंदाज बरोबर ठरतो, आणि सहा गुणांनी जिंकूनही तो चुकीचा ठरतो. दुसरा मनीलाइन, यात अंतराचा प्रश्न नसतो, केवळ कोण जिंकले हे पाहतात आणि वरचढ संघाचा भाव त्या प्रमाणात पडका असतो. तिसरा टोटल, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून गुण ठरावीक आकड्याच्या वर जातील की खाली राहतील.

स्प्रेडच्या दोन्ही बाजूंना बहुधा ‘उणे ११०’ हा भाव असतो. याचा अर्थ १०० मिळवण्यासाठी ११० लावावे लागतात. दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले तर बुकीकडे २२० जमा होतात, जिंकणाऱ्याला तो २१० परत करतो आणि १० त्याच्याजवळ उरतात. मार्केट यार्डात बटाट्याचा भाव चढो की उतरो, अडत्याची अडत जशी ठरलेली असते, तसेच हे आहे. ही कटती किरकोळ वाटते, पण तिचा परिणाम असा की १०० पैकी ५० अंदाज बरोबर येणारा माणूस बरोबरीत राहत नाही, तोट्यात जातो. बरोबरीत राहण्यासाठी ११० भागिले २१०, म्हणजे सुमारे ५२.४ टक्के अंदाज बरोबर यावे लागतात. आयुष्यभर हाच व्यवसाय करणाऱ्यांनाही ५५ टक्क्यांच्या पुढे वर्षानुवर्षे टिकता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ‘माझे ८० टक्के बरोबर येतात’ असे सांगून टेलिग्रामवर अंदाज विकणाऱ्याची किंमत आपोआप कळते.

मनीलाइनवरून शक्यता काढणे ही या विद्येतली पहिली पायरी आहे आणि ती साध्या अंकगणिताची आहे. वरचढ संघाचा भाव उणे १५० असेल तर १५० भागिले २५०, म्हणजे ६० टक्के. समोरच्या संघाचा भाव अधिक १३० असेल, म्हणजे १०० लावून १३० मिळत असतील, तर १०० भागिले २३०, म्हणजे ४३.५ टक्के. दोघांची बेरीज १०३.५ होते, वरचे साडेतीन ही कटती. प्रत्येक आकड्याला १०३.५ ने भागले की बाजाराचे खरे मत हाती येते: वरचढ संघ ५८ टक्के, दुसरा ४२ टक्के. स्प्रेडवरूनही असाच ढोबळ अंदाज करता येतो. एनएफएलचे निकाल स्प्रेडच्या आजूबाजूला फार पसरतात, त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे पसरण्याचे माप, १३–१४ गुणांचे असते. त्यामुळे तीन गुणांनी वरचढ मानलेला संघ साधारण ५८ ते ६० टक्के वेळा, सात गुणांनी वरचढ मानलेला सुमारे ७० टक्के वेळा जिंकतो. सात गुणांचा स्प्रेड असलेला संघ दहांपैकी तीनदा हरतो, ही गोष्ट नवख्यांच्या पचनी पडत नाही. तो हरला की ते ‘सामना फिक्स होता’ म्हणून मोकळे होतात.

वहीत आपण लिहायचा तो आकडा हाच: अमुक संघ जिंकण्याची शक्यता इतके टक्के. पण तो बाजाराचा आकडा पाहण्याच्या आधी लिहावा. आधी बाजार पाहिला की आपले मत नकळत त्याच्याकडे झुकते आणि मग जे लिहिले जाते त्यात आपले काहीच उरत नाही. स्वतःचा आकडा लिहून झाल्यावर बाजाराचा त्याच्या शेजारी मांडावा. दोन्हींत दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर फरकच नाही असे समजावे. पंधरा-वीस टक्क्यांचा फरक दिसला तर बाजार चुकला आहे असे मानण्यापूर्वी आपल्या नजरेतून काय सुटले ते शोधावे. बहुतेक वेळा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा आणि पास टाकणारा मुख्य खेळाडू, जखमी असल्याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचलेली नसते.

तीन आणि सात

या खेळातले गुण एकेकाने वाढत नाहीत, हे क्रिकेट पाहून तयार झालेल्या डोळ्यांना प्रथम उमगत नाही. टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) सहा गुण, त्यानंतरच्या किकचा एक किंवा किकऐवजी पुन्हा चढाई केली तर दोन, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे) तीन, सेफ्टीचे (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवण्याचे) दोन. त्यामुळे विजयाचे अंतर काही ठरावीक आकड्यांवर गोळा होते. सुमारे १५ टक्के सामने नेमके तीन गुणांनी सुटतात आणि ९ टक्क्यांच्या आसपास नेमके सात गुणांनी. त्यानंतर सहा, दहा, चार, चौदा यांचा क्रम लागतो.

म्हणून स्प्रेड अडीचवरून साडेतीनवर सरकला तर तो केवळ एका गुणाचा फरक नसतो. वाटेत तीनचा आकडा येतो आणि अंदाजाची बाजू बदलण्याइतके वजन त्यात असते. तोच स्प्रेड साडेआठवरून साडेनऊवर गेला तर फारसे काही घडलेले नसते, कारण नऊ गुणांनी सामने क्वचितच सुटतात. स्प्रेड नेमका तीन असेल आणि निकालही तीनचाच लागला तर पैसे परत केले जातात; वहीत अशा सामन्याला बरोबर किंवा चूक असे काही न लिहिता तो वगळावा. स्प्रेडवर स्पर्धा करणाऱ्या गटाने आणखी एक नियम आधीच ठरवावा, तो म्हणजे कोणत्या वेळचा स्प्रेड ग्राह्य धरायचा. मंगळवारी उणे अडीच असलेला संघ रविवारपर्यंत उणे साडेतीन झाला आणि तीन गुणांनी जिंकला, तर दोघे मित्र दोन आकडे दाखवून भांडतील आणि दोघेही खरे असतील.

काय तपासावे

सर्वांत आधी क्वार्टरबॅक कोण आहे ते पाहावे. उत्तम क्वार्टरबॅक बाहेर बसला तर स्प्रेड साधारण पाच ते सात गुणांनी हलतो. दुसऱ्या कोणत्याही जागेवरचा एक खेळाडू क्वचितच एका गुणाहून अधिक हलवतो. मात्र क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या असलेल्या ऑफेन्सिव्ह लाइनमधले दोन-तीन जण एकदम जखमी असतील तर परिणाम मोठा होतो आणि प्रेक्षकांचे तिकडे लक्ष जात नाही, कारण त्या खेळाडूंची नावे कोणाला पाठ नसतात. माझ्या मते नवख्या अभ्यासकाला बाजारापेक्षा चार पावले पुढे जाण्याची काही संधी असेलच तर ती अशा कंटाळवाण्या बातम्यांत आहे, तारांकित खेळाडूंच्या मुलाखतींत नाही.

जखमींची यादी संघांना नियमाने जाहीर करावी लागते. रविवारच्या सामन्यासाठी ती बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी येते; शुक्रवारच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे ‘आउट’, ‘डाउटफुल’ किंवा ‘क्वेश्चनेबल’ असा शेरा असतो. त्यातला ‘क्वेश्चनेबल’ हा फसवा आहे. असा शेरा असलेले अनेक जण प्रत्यक्षात खेळतात, आणि त्याचा अर्थ अर्धी शक्यता असा धरणारे चुकतात. अंतिम निर्णय सामन्याच्या ९० मिनिटे आधी कळतो. अमेरिकेच्या पूर्वेकडील वेळेनुसार दुपारी एकला सुरू होणारे सामने आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला सुरू होतात, म्हणजे ही यादी नऊ वाजता हाती येते. जेवण उरकून वही उघडायला ती वेळ सोयीचीच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर आपल्याकडचे सगळे वेळापत्रक तासाभराने पुढे ढकलावे.

घरच्या मैदानाचा फायदा पूर्वी तीन गुणांचा धरत असत. आता तो दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानला जातो. २०२० च्या हंगामात, कोविडमुळे बहुतेक मैदाने रिकामी असताना, घरचे संघ १२७ सामने जिंकले आणि १२८ हरले, एक बरोबरीत सुटला. घरच्या संघांचे पारडे हलके ठरण्याची लीगच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ. प्रेक्षकांच्या आवाजाने पाहुण्या संघाला आपसातल्या सूचना ऐकू येत नाहीत, हे त्या फायद्याचे एक कारण असल्याने तो आवाज गेल्यावर फायदाही गेला, असा तर्क करता येतो. लंडनमध्ये २००७ पासून साखळी सामने होत आले आहेत. तिथल्या सामन्यात कागदावर ज्याला ‘घरचा’ म्हटले आहे त्या संघाला हा फायदा देऊ नये.

हवामानाच्या बाबतीत आपल्या भागातल्या माणसाची समजूत हमखास चुकते. खानापूरच्या जंगलपट्टीतला पाऊस पाहिलेला माणूस पावसाला घाबरतो आणि पाऊस म्हटला की गुण कमी होणार असे गृहीत धरतो. या खेळात पाऊस आणि हलके हिम यांचा परिणाम वाटतो तितका होत नाही. खरा अडथळा वाऱ्याचा असतो. जोराच्या वाऱ्यात लांब पास आणि फील्ड गोल दोन्ही बेभरवशाचे होतात. ६ डिसेंबर २०२१ रोजी बफेलोत इतका वारा होता की न्यू इंग्लंड पेट्रियट्सने संपूर्ण सामन्यात केवळ तीन पास टाकले, बाकी सगळा खेळ चेंडू हातात घेऊन धावण्याचा केला, आणि तरीही १४–१० असा सामना जिंकला. टोटलचा अंदाज करताना म्हणूनच वाऱ्याचा वेग पाहावा, तोही सामन्याच्या दिवशीचा. मंगळवारचा हवामान अंदाज रविवारला उपयोगी पडत नाही. डेट्रॉइट, मिनेसोटा, न्यू ऑर्लिन्स यांची मैदाने छताखाली आहेत, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

विश्रांतीचे दिवस, लांबचा प्रवास, गुरुवारचा सामना या गोष्टींचाही थोडा परिणाम असतो. परंतु त्या सर्वांना माहीत असतात आणि आकड्यात आधीच बसवलेल्या असतात.

कोणत्या गोष्टी फसवतात

सर्वाधिक फसवतो तो संघाचा जय-पराजयाचा तक्ता. याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२२ च्या मिनेसोटा व्हायकिंग्जचे आहे आणि ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. त्या हंगामात त्यांनी १७ पैकी १३ सामने जिंकले. तक्ता पाहून कोणीही त्यांना अव्वल संघांत धरले असते. पण हंगामभरात त्यांनी ४२४ गुण केले आणि ४२७ दिले. म्हणजे तेरा विजय मिळवूनही गुणांची शिल्लक उणे तीन. हे घडले कसे? आठ किंवा त्याहून कमी गुणांनी सुटलेले ११ सामने त्यांच्या वाट्याला आले आणि ते सगळेच्या सगळे त्यांनी जिंकले. उलट हरले तेव्हा दणदणीत हरले, डॅलसकडून तर स्वतःच्या मैदानावर ४०–३. डिसेंबरात इंडियानापोलिसविरुद्ध ०–३३ अशा पिछाडीवरून त्यांनी ३९–३६ असा विजय खेचून आणला, जो एनएफएलच्या इतिहासातला सर्वांत मोठा पाठलाग आहे. प्रेक्षकांनी अशा सामन्यांत ‘जिद्द’ पाहिली. अंदाज बांधणाऱ्याने निसटत्या सामन्यांचा तो पट पाहायला हवा होता, कारण निसटते सामने जिंकण्याची सवय एका हंगामातून दुसऱ्यात टिकत नाही.

केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून संघाचे अपेक्षित विजय काढण्याचे एक जुने सूत्र आहे. केलेल्या गुणांचा २.३७ वा घात घ्यावा, दिलेल्या गुणांचा तसाच घ्यावा, आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागावे. व्हायकिंग्जचे उत्तर ४९.६ टक्के येते, म्हणजे १७ सामन्यांत साडेआठच्या जरा खाली. प्रत्यक्षात तेरा. तो साडेचार विजयांचा फरक पुढे सावकाश वसूल झाला: जानेवारी २०२३ मध्ये बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ते न्यूयॉर्क जायंट्सकडून घरी ३१–२४ असे हरले, आणि पुढच्या हंगामात सात विजय व दहा पराभवांवर थांबले. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे गणित मिनिटभरात होते. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून प्रत्येक संघाचे ते करून ठेवले तर तक्त्यापेक्षा खूप अधिक कळते.

फंबलचेही असेच आहे. हातातून चेंडू पाडणे यात संघाचा दोष असू शकतो, परंतु पडलेला लंबगोल चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळजवळ नशिबावर असते. एखाद्या संघाने तीन आठवड्यांत सात-आठ वेळा तो चेंडू उचलला असेल तर त्याची कीर्ती वाढते आणि स्प्रेडही फुगतो. अशा वेळी त्याच्या विरुद्ध बाजूला झुकण्याचे ठोस कारण मिळाले असे समजावे.

एका सामन्याचा निकाल तर फार कमी सांगतो. ११ सप्टेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्क जेट्सचा नवा क्वार्टरबॅक आरोन रॉजर्स पहिल्या चार डावपेचांतच जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. तरी त्या रात्री जेट्सने बफेलोला जादा वेळेत २२–१६ असे हरवले. क्वार्टरबॅक गेला म्हणून जेट्स दुबळे झाले असे म्हणणारा त्या रात्री चुकला, पण हंगामाअखेर सात विजय आणि दहा पराभव पाहता तोच बरोबर होता. आपला अंदाज चुकला तेव्हा विचार चुकला होता की केवळ निकाल विरुद्ध गेला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वहीत त्यांना दोन वेगळे रकाने असावेत.

पार्लेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तीन सामने एकत्र गुंफून तिन्ही बरोबर आले तर मोठी रक्कम, असा हा प्रकार आहे. उणे ११० च्या भावाने एका सामन्यावर सरासरी शंभरातले साडेचार रुपये कटतीत जातात. तीन सामन्यांच्या पार्लेत तीच कटती वाढत जाऊन शंभरातले तेरा होते. अमेरिकेतल्या जाहिराती नेमक्या याच प्रकाराच्या असतात, त्यावरून तो कोणाच्या सोयीचा आहे ते कळावे. मटक्याचे जुने आकडे वहीत उतरवून त्यांचे तक्ते काढत बसणारी माणसे आपण पाहिली आहेत. तिथे अभ्यासाला वाव नसतो आणि इथे असतो, पण पार्ले लावणारा तो वाव स्वतःच्या हाताने घालवून बसतो.

वही आणि तिचा हिशेब

गटाची स्पर्धा मोजण्यासाठी नुसते ‘बरोबर-चूक’ मोजू नये, कारण मग प्रत्येक जण वरचढ संघाचेच नाव लिहितो आणि सगळे सारखेच ठरतात. हवामानखात्यांच्या अंदाजांसाठी १९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी सुचवलेली मोजणी इथे चपखल बसते. संघ जिंकण्याची शक्यता ०.७० लिहिली आणि तो जिंकला, तर १ मधून ०.७० वजा करून उरलेल्या ०.३० चा वर्ग करावा: ०.०९. तो हरला तर ०.७० चा वर्ग: ०.४९. जितका आकडा लहान तितका अंदाज चांगला. सगळ्या सामन्यांना डोळे मिटून ०.५० लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, म्हणून हंगामाअखेर ज्याची सरासरी ०.२५ च्या वर आहे त्याने अभ्यास करून नुकसानच केले असे होते. या मोजणीचा मोठा गुण म्हणजे ती फुशारकीला शिक्षा करते: ०.९० लिहून बरोबर आलेल्याला ०.०१ मिळतात, चुकलेल्याला ०.८१. टिळकवाडीतल्या चहाच्या टेबलावर ‘शंभर टक्के सांगतो’ म्हणणाऱ्याला एकदा १.०० लिहायला लावावे. एक निकाल उलटा गेला की त्याची सरासरी महिनाभर सावरत नाही.

या वहीत बाजारालाही एक स्पर्धक म्हणून सामील करून घ्यावे. प्रत्येक सामन्याच्या मनीलाइनवरून कटती काढून आलेली शक्यता त्याच्या नावापुढे लिहावी आणि त्याचीही सरासरी काढावी. हंगामाअखेर तो पहिला किंवा दुसरा आलेला दिसेल, आणि त्याला मागे टाकणारा कोणी निघालाच तर त्याला बाकीच्यांनी मिळून कुंदा खिलवायला हरकत नाही.

मात्र एका हंगामावरून कोणाची हुशारी ठरवू नये. नाणेफेकीसारख्या पन्नास-पन्नास अंदाजांत १०० पैकी ५५ बरोबर येणे ही सहज घडणारी गोष्ट आहे, कारण १०० प्रयत्नांत पाचाचा चढउतार सामान्यच असतो. ५५ टक्क्यांचा माणूस आणि ५० टक्क्यांचा माणूस यांतला फरक खात्रीने कळायला शेकडो, बहुधा हजारच्या वर अंदाज लागतात. याहून लवकर कळण्याचा एक मार्ग आहे. बुधवारी आपण अंदाज लिहिला तेव्हाचा स्प्रेड टिपून ठेवावा आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा स्प्रेड त्याच्या शेजारी लिहावा. तोवर सगळ्या बातम्या येऊन गेलेल्या असल्याने शेवटचा आकडा सर्वांत नेमका मानला जातो. तो वारंवार आपण निवडलेल्या बाजूकडे सरकत असेल, म्हणजे आपण उणे अडीचला निवडलेला संघ शेवटी उणे साडेतीन होत असेल, तर निकाल काहीही लागोत, आपला विचार योग्य दिशेने चालला आहे. तो वारंवार उलट सरकत असेल, तर सलग पाच सामने बरोबर आले असले तरी ते योगायोगाने आले असे समजावे.

उद्यमबागेत सकाळची पाळी असणाऱ्यांनी सामने पाहण्याचा हट्ट धरू नये. अमेरिकेच्या पूर्वेकडील वेळेनुसार रविवारी रात्री होणारा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच पन्नासला सुरू होतो आणि त्याचा अंदाज आदल्या रात्रीच लिहून झोपता येते. अंदाज बांधणाऱ्याला सामना पाहणे आवश्यक नसते, किंबहुना पाहिल्याने कधीकधी एखाद्या झेलाच्या मोहात विचार भरकटतो. अठराव्या आठवड्यात ज्या संघांचे बाद फेरीतले स्थान आधीच पक्के झालेले असते ते आपले मुख्य खेळाडू बसवून ठेवतात. कोण किती वेळ खेळेल हे प्रशिक्षकाच्या मनात असते, त्यामुळे तिथले सामने सरळ सोडून द्यावेत. फेब्रुवारीतल्या सुपर बोलला, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याला, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरुवात होते, आणि त्या एका सामन्यावर अमेरिकेत शेकडो प्रकारचे भाव निघतात. नाणेफेकीवरही निघतो, दोन्ही बाजूंना बरोबरीपेक्षा कमी. स्प्रेड, टोटल आणि जिंकण्याची शक्यता, एवढे तीन रकाने त्या दिवशीही पुरतात.